मानपत्रालाही कारणं हवीत

नागपूरच्या वकील मंडळींना खुलं पत्र

प्रिय वकील बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

न्यायाधीशांचा गौरव व्हावा, आणि तो कामाच्या गुणवत्तेसाठी, न्यायासनावरच्या विविधतेसाठी आणि स्वतंत्र बाण्यासाठी व्हावा, असं आता बऱ्याच ठिकाणी बोललं जातं. मला हा विचार मनापासून पटतो. असा सन्मान नागपुरात सुरू व्हावा आणि तो तुम्ही सुरू करावा, एवढं सांगायला हे पत्र लिहिते आहे. सरकारने तो सुरू करू नये, एखाद्या बँकेने किंवा बिल्डरने तर मुळीच करू नये. पण सुरू करताना आपली आजची सत्काराची रीत बाजूला ठेवावी लागेल. नाहीतर आणखी एका शालीची भर पडेल, दुसरं काही होणार नाही.

मी वकील नाही. जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाले. तुम्ही न्यायाधीशांना समोरून बघता, मी त्यांना बाजूला बसून पाहिलं. साक्षीदाराचं उत्तर नोंदवताना कोण त्यात स्वतःचे शब्द घुसवत नाही, शिक्षा सुनावायच्या दिवशी कोणाला डबा उघडवत नाही, डिक्टेशन देता देता मध्येच थांबून कोण म्हणतं, "हे वाक्य खोडा, याला पुराव्यात आधार नाही." हे सगळं लघुलेखकाला दिसतं. निकालपत्रात त्यातलं काहीच उतरत नाही. म्हणून हे लिहिण्याचा थोडा अधिकार आपल्याला आहे असं मला वाटतं.

आज आपण काय करतो? आपल्यातलं कुणी न्यायमूर्ती झालं की सत्कार. बढती झाली की सत्कार. नवीन आले की स्वागत, बदलून जाताना निरोप. मग शाल, श्रीफळ, मानचिन्ह आणि भाषणं. ही भाषणं मी पुष्कळ ऐकली, काही टाइपही करून दिली. मितभाषी, अभ्यासू, कनिष्ठ वकिलांना सांभाळून घेणारे, हे सगळ्यांत असतंच. एकाच्या भाषणातलं नाव खोडून दुसऱ्याचं घातलं तरी सभागृहात कुणाच्या लक्षात येऊ नये. कोणत्या खटल्यात त्या माणसाने काय केलं, काय लिहिलं, काय लिहायला नकार दिला, याचा उल्लेख क्वचितच निघतो. आनंद होतो तो आपला माणूस वर गेला याचा. तो आनंद खोटा नाही. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी नागपूरचे शरद बोबडे सरन्यायाधीश झाले तेव्हा तो मलाही झाला. १४ मे २०२५ रोजी अमरावतीत जन्मलेले, नागपूर खंडपीठात वकिली केलेले भूषण गवई त्या पदावर बसले, पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले, तेव्हा माझे डोळे भरून आले. पण एखादा माणूस पदावर पोहोचला हे आपल्या आनंदाचं कारण झालं. सन्मानासाठी त्या पदावरून काय झालं ते बघावं लागतं, आणि ते बघायला थोडा काळ जावा लागतो.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. जो अजून खुर्चीवर आहे त्याला, उद्या त्याच्याच समोर उभं राहणाऱ्यांनी शाल पांघरावी, हे मला कधीच बरोबर वाटलं नाही. त्यात कुणाचा हेतू वाईट असतो असं मी म्हणत नाही. बहुतेक वेळा नसतोच. पण तो फोटो पक्षकार बघतो. भिवापूरहून किंवा नरखेडहून सकाळच्या एसटीने आलेला माणूस मोबाइलवर तो फोटो बघतो आणि त्याच्या विरुद्ध बाजूचा वकील पहिल्या रांगेत हसत उभा आहे हे त्याला दिसतं. त्यानंतर निकाल कितीही सरळ लागला तरी त्याच्या मनातली अढी काढणं कुणाच्या हातात राहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी न्यायाधीशांसाठी सोळा मूल्यांची जी आचारसंहिता स्वतःच स्वीकारली, तिच्यात हे आधीच सांगितलेलं आहे. आपल्याच न्यायालयात वकिली करणाऱ्यांशी जवळीक टाळावी, कुटुंबीय आणि निकटचे स्नेही सोडून कुणाकडून भेटवस्तू वा पाहुणचार घेऊ नये, पदाला शोभेल इतपत अलिप्त राहावं. ती त्यांच्यावरची बंधनं आहेत हे खरं. पण न्यायाधीशाला ती पाळता यावीत अशी परिस्थिती ठेवणं हे तुमच्याही हातात आहे ना?

मग हा सन्मान नागपूरनेच का करावा? कारण आपल्याकडे त्यासाठी लागणारं भांडवल आहे आणि ते धूळ खात पडलं आहे.

सिव्हिल लाइन्समधली ती दगडी इमारत तुमच्या रोजच्या वहिवाटीची आहे. हेन्री मेड यांनी तिचा आराखडा केला, १९४० साली ती वापरात आली. जानेवारी १९३६ मध्ये मध्य प्रांतासाठी स्थापन झालेलं नागपूर उच्च न्यायालय तिथे बसायचं. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, ते न्यायालय मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय होऊन जबलपूरला गेलं आणि इथे मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं. विदर्भाचे अकरा जिल्हे आज त्याच्याकडे बघतात. जेमतेम वीस वर्षं जगलेल्या त्या नागपूर उच्च न्यायालयाने देशाला काय दिलं, हे आपल्या तरुण वकिलांपैकी किती जणांना ठाऊक आहे?

व्हिव्हियन बोस १९३६ पासून तिथे न्यायमूर्ती होते, १९४९ ला मुख्य न्यायमूर्ती झाले आणि १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. संविधानातले शब्द म्हणजे जुन्या पोथीतली मेलेली अक्षरं नसून त्या जिवंत ज्वाला आहेत, अशा अर्थाचं त्यांनी १९५२ च्या अन्वर अली सरकार खटल्यात लिहिलं. संविधान फक्त सरकारांच्या सोयीसाठी नाही, ते गरिबासाठी, खाटकासाठी, पाववाल्यासाठी, मेणबत्त्या करणाऱ्यासाठीही आहे, असं त्यांनी १९५६ च्या एका निकालात नोंदवलं. मोहम्मद हिदायतुल्ला आपल्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी. १९३० पासून इथे वकिली, १९४६ ला न्यायमूर्ती, १९५४ ला मुख्य न्यायमूर्ती, १९६८ ला देशाचे सरन्यायाधीश. त्या पदावरचे पहिले मुस्लिम. तिसरे जनार्दन मुधोळकर. अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले, १९१२ साली काँग्रेसचे अध्यक्ष झालेल्या रघुनाथरावांचे चिरंजीव. नागपूर उच्च न्यायालयात न्यायमूर्ती, पुढे मुंबईत, आणि १९६० पासून सर्वोच्च न्यायालयात.

आता यातली जी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते ती सांगते. १९६५ च्या निर्णयसंग्रहांत आलेला सज्जनसिंह विरुद्ध राजस्थान हा निकाल तुम्ही वाचला असेल. संसदेला मूलभूत हक्कांमध्ये दुरुस्ती करता येते का, हा प्रश्न होता. पाच न्यायमूर्तींचं पीठ. सतरावी घटनादुरुस्ती पाचांनीही वैध ठरवली. पण दोघांनी वेगळं लिहिलं आणि शंका उघडपणे नोंदवली. मूलभूत हक्क म्हणजे विशेष बहुमताच्या हातातलं खेळणं व्हावं का, असा प्रश्न हिदायतुल्लांनी केला. मुधोळकरांनी त्याहून पुढचं विचारलं: संविधानाची काही मूळ वैशिष्ट्यं आहेत का, आणि ती बदलणं ही दुरुस्ती म्हणायची की संविधानाचा एक भाग नव्याने लिहिणं? २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात जो मूलभूत चौकटीचा सिद्धांत आला, म्हणजे संविधानाचा गाभा संसदेलाही बदलता येत नाही हे तत्त्व, त्याचं पहिलं बीज या शंकेत होतं. आणि ही शंका लिहिणारे दोघेही आपल्या या इमारतीत न्यायदान करून गेलेले. इतका थोर वारसा ज्या शहराकडे आहे, त्या शहरात न्यायमूर्तींच्या नावाने फक्त सत्कार समारंभ व्हावेत याचं मला वाईट वाटतं.

हिदायतुल्लांचा आणखी एक निकाल मी नेहमी आठवते. १५ डिसेंबर १९७०. संस्थानिकांची मान्यता आणि त्यांचे तनखे सरकारने राष्ट्रपतींच्या आदेशाने काढून घेतले होते. संसदेत त्यासाठीचं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत पडलं होतं आणि मग हा आदेश निघाला होता. अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने तो रद्द ठरवला. दुसऱ्या दिवशी हिदायतुल्ला निवृत्त झाले. मला संस्थानिकांच्या तनख्यांबद्दल कसलंही प्रेम नाही, ते बंद झाले ते चांगलंच झालं. पण जे काम संविधान बदलूनच करता येतं ते कार्यकारी आदेशाने करू द्यायचं नाही, हे त्यांनी लोकमत विरुद्ध असताना सांगितलं. स्वातंत्र्याची परीक्षा आपल्याला आवडलेल्या निकालांवरून घ्यायची नसते. सरकारविरुद्ध निकाल दिला म्हणून कुणी आपोआप स्वतंत्र ठरत नाही आणि सरकारच्या बाजूने दिला म्हणून मिंधा ठरत नाही. निकाल कोणत्या कारणांवर उभा आहे, आणि तो देताना न्यायाधीशाने स्वतःचं काय पणाला लावलं, ते बघावं लागतं.

१९४६ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यांत वरच्या अपील न्यायालयाने, विमलाबाई देशपांडे खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचा निर्णय उचलून धरला. युद्धाचा काळ, भारत संरक्षण नियमांखालची अटक. नुसता संशय आला म्हणून भागणार नाही, त्या संशयाला वाजवी आधार होता हे अटक करणाऱ्या अधिकाऱ्याने न्यायालयाला पटवून दिलं पाहिजे, हे तत्त्व त्यातून पक्कं झालं. परकी सत्ता, महायुद्ध चालू, आणि एक उच्च न्यायालय पोलिसांना म्हणतं की कारण दाखवा.

मग १९७५, आणीबाणी. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ साठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला होता. मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्ध करू देणाऱ्या कायद्याखाली, लोक तुरुंगात होते. सरकारचं म्हणणं होतं, की या बंदींच्या अर्जांना न्यायालयाने हातच लावू नये. देशातल्या ज्या उच्च न्यायालयांनी हे म्हणणं फेटाळलं, त्यांत मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ होतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सुप्रसिद्ध 'एडीएम जबलपूर' निकालात ही नोंद आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल सरकारच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्या कनिष्ठांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. खन्नांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, असायलाच हवं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणाच्या हक्काचा निकाल देताना नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा तो बहुमताचा निकाल चुकीचा होता असं स्पष्ट म्हटलं, आणि त्या पीठात आपले बोबडेही होते. पण सर्वोच्च न्यायालयाच्या आधी, वर कोण काय म्हणेल याची वाट न बघता, नागपुरात बसून ज्यांनी तेच सांगितलं, त्यांची नावं आपण कधी मोठ्याने घेतली?

हे सगळं मोठ्या न्यायालयांचं झालं. मला खरं तर खालच्या न्यायालयांबद्दल बोलायचं आहे, कारण माझं आयुष्य तिथे गेलं आणि लोकांचंही तिथेच जातं.

न्यायाधीशाचं स्वातंत्र्य संविधान पीठापेक्षा सुट्टीच्या दिवशीच्या रिमांडमध्ये जास्त वेळा पणाला लागतं. रविवारची दुपार, कोर्ट रिकामं, एक न्यायदंडाधिकारी, एक लिपिक, पोलीस आणि आरोपी. आरोपीचा वकील बहुतेकदा नसतो. तपास अधिकाऱ्याने छापील मजकुरात नावं भरून अर्ज आणलेला असतो आणि त्याला परत जायची घाई असते. अशा एका दुपारी एक तरुण न्यायदंडाधिकारी मॅडम मी पाहिल्या. त्यांनी पोलिसांना दाराबाहेर थांबायला सांगितलं, आरोपीला पाणी दिलं आणि विचारलं, "कुणी मारलं का?" तो काहीच बोलेना. त्यांनी घाई केली नाही. पुन्हा विचारलं. मग त्याने शर्ट वर केला. मॅडमनी जे दिसलं ते एकेक करून रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, लिहिलं, वैद्यकीय तपासणीचा आदेश दिला आणि पोलीस कोठडी नाकारली. बाहेर काय कुजबुज झाली ती मी ऐकली. मॅडमनीही ऐकली असेल. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीच्या वेळेला बोर्डवर, म्हणजे दिवसाची प्रकरणं चालवायला, बसल्या. या आदेशाची बातमी झाली नाही, कोणत्याही निर्णयसंग्रहात तो छापला गेला नाही. तुमच्या सन्मानाने जर काही शोधायचं असेल, तर ते हे आहे.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना संविधानाचं संरक्षण आहे, त्यांना काढायचं तर संसदेत महाभियोगासारखी प्रक्रिया लागते. तालुक्याच्या न्यायाधीशाचं स्वातंत्र्य गोपनीय अहवाल, बदली आणि निकाली काढलेल्या प्रकरणांवरून मोजले जाणारे कामाचे युनिट यांच्या मधून वाट काढत असतं. जामीन दिला तर वर काय म्हणतील, नाकारला तर कुणी काही विचारत नाही. अशा हिशेबाला बळी न पडता रोज काम करणं किती कठीण आहे, हे मी जवळून बघितलं आहे. म्हणून या सन्मानात पहिला हक्क जिल्हा आणि तालुका न्यायालयांचा असावा असं माझं ठाम मत आहे. धारणीला, सिरोंच्याला काम करून गेलेल्या न्यायाधीशांची नावं नागपूरच्या व्यासपीठावर कधी येणार?

उत्कृष्ट काम कशाला म्हणायचं, यावर तुमच्यात वाद होईल आणि तो व्हावा. किती प्रकरणं निकाली काढली हा आकडा सगळ्यांत सोपा, म्हणून तोच सगळ्यांत आधी पुढे येईल. तो आकडा मला कधीच पुरेसा वाटला नाही. मी ज्यांच्याकडे काम केलं त्यांतले सगळ्यांत उत्तम एक दिवाणी न्यायाधीश होते. त्यांचे निकाल मराठीत असत. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने मराठी ही जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा झाली, तरी मराठीत निकाल लिहिणारे कमीच. या साहेबांची मराठी साधी. वाक्यं छोटी. शेताच्या धुऱ्याच्या एका वादात वादी हरला. काही दिवसांनी तो नकलेची प्रत घेऊन व्हरांड्यात बसला होता आणि त्याचा नातू त्याला ती मोठ्याने वाचून दाखवत होता. मोजणीचा नकाशा कुठे कमी पडला, कोणत्या साक्षीदाराचं बोलणं का पटलं नाही, हे सगळं त्याला पानापानावर समजत होतं. मध्येच तो नातवाला म्हणाला, "हे वाक्य परत वाच." एका माणसाला आपण का हरलो ते कोणाच्या मध्यस्थीशिवाय कळलं, याहून मोठं काम दिवाणी न्यायाधीशाच्या हातून काय व्हायचं?

आता विविधतेबद्दल. इथे मला थोडं अडखळत बोलावं लागेल, कारण विषय नाजूक आहे आणि सोपी वाक्यं इथे चटकन तोंडात येतात.

१९५० पासून २०२५ पर्यंत सर्वोच्च न्यायालयात अकरा महिला न्यायमूर्ती झाल्या. पहिल्या फातिमा बीवी, १९८९ साली. मुंबई उच्च न्यायालयात सुजाता मनोहर १९७८ मध्ये पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. खालच्या न्यायालयांत चित्र बदललं आहे, तिथे महिला एक तृतीयांशाहून जास्त आहेत. वर जावं तशी संख्या गळत जाते. सामाजिक चित्रही तसंच. २०१८ नंतर देशातल्या उच्च न्यायालयांत नेमल्या गेलेल्यांपैकी साधारण तीन चतुर्थांश खुल्या प्रवर्गातले आहेत, असं सरकारनेच संसदेत सांगितलं आहे. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, जिथे १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली, त्या शहरातल्या वकिलांना याचा अर्थ मी समजावून सांगायला नको.

पण एखाद्याला स्त्री असल्याबद्दल, दलित किंवा आदिवासी किंवा मुस्लिम असल्याबद्दल मानपत्र द्यायचं का? मला ते पटत नाही. त्यात त्या माणसाचा अपमान आहे. विविधता ही सगळ्या न्यायासनाची मिळून असते, एकट्या न्यायाधीशाच्या अंगी ती असू शकत नाही. आणि नुसत्या ओळखीने न्याय चांगला होतो असंही नाही. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच खंडपीठातून पोक्सो कायद्याचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा, तो निकाल आला, की कपड्यांवरून केलेला स्पर्श लैंगिक हल्ल्याच्या कलमात बसत नाही. निकाल देणाऱ्या न्यायमूर्ती स्त्री होत्या. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला आणि सांगितलं, की बघायचा तो हेतू, कातडीला कातडी लागली का ते नव्हे. त्या निकालाने मला फार त्रास झाला होता. तरीही एका निकालावरून एखाद्याची सगळी कारकीर्द मोडीत काढणं जितकं चुकीचं, तितकंच एका गाजलेल्या निकालावरून कुणाला डोक्यावर घेणंही चुकीचं.

सन्मान करायचा तो त्या वेगळ्या नजरेने न्यायाच्या कामात काय भर घातली याचा करावा. धारणीच्या न्यायालयात कोरकू बोलणारी बाई साक्ष देते. तिचं बोलणं शिपायाकडून किंवा पोलिसाकडून भाषांतर करून घेणारा न्यायाधीश आणि स्वतंत्र दुभाष्या मिळेपर्यंत साक्ष पुढे ढकलणारा न्यायाधीश, यांच्या निकालांत आयुष्यांचा फरक पडतो. गडचिरोलीत माडियाचं, सिरोंच्यात तेलुगूचं तेच. गरोदर साक्षीदाराला खुर्ची द्या म्हणणारा, व्हीलचेअरवरच्या पक्षकारासाठी स्वतः तळमजल्यावर येऊन बोर्ड चालवणारा, तृतीयपंथी पक्षकाराला तिने सांगितलेल्या नावाने हाक मारणारा, अशी माणसं असतात. २०१८ साली नागपूरच्या लोक अदालतीच्या पॅनेलवर एका तृतीयपंथी कार्यकर्तीची नेमणूक झाली होती. त्या दिवशी समोर बसलेल्या पक्षकारांचे चेहरे कसे असतील याचा मी पुष्कळदा विचार करते. ३ मार्च २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही असं सांगितलं. म्हणजे उद्या विदर्भातल्या कुठल्यातरी कोर्टात अंध न्यायाधीश बसतील. त्यांचा रोजनामा, त्यांची कागदपत्रं, त्यांना वाचून दाखवणारी यंत्रणा, याची तयारी कुणी केली आहे का?

आणि इथे तुमच्याही वाट्याचं थोडं बोलते, राग मानू नका. उच्च न्यायालयाचे बरेचसे न्यायमूर्ती बारमधूनच, म्हणजे वकिलांमधूनच, जातात. म्हणून न्यायासनावर कोण बसणार याची पहिली चाळणी कॉलेजियमच्या, म्हणजे नावं सुचवणाऱ्या न्यायमूर्तींच्या मंडळाच्या, खूप आधी तुमच्या चेंबरमध्ये लागते. कोणत्या ज्युनिअरला आर्ग्युमेंट करायला उभं करता आणि कुणाला फक्त तारीख घ्यायला पाठवता? मुलींना कौटुंबिक प्रकरणं आणि मुलांना कंपन्यांची, हे अजून किती दिवस? वणीहून किंवा देसाईगंजहून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या मुलाला पहिली दोन वर्षं पैसे कोण देतं? स्वच्छतागृहाचा प्रश्न तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १५ जानेवारी २०२५ ला प्रत्येक न्यायालयात महिला, दिव्यांग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र सोय करा असा आदेश निघाला. तालुक्यातल्या एका कोर्टात मी दिवसभर पाणी न पिता डिक्टेशन घेतलं आहे. तिथल्या महिला वकीलही तेच करत. विविधतेसाठी सन्मान देणाऱ्या संस्थेने आधी आपल्या बार रूमकडे एकदा बघावं.

सन्मान द्यायचा कसा, याबद्दल मला सुचलेलं सांगते, वाटलं तर बदला. पदावर असलेल्याला तो कधीच देऊ नये. निवृत्तीनंतरही तीन वर्षं थांबावं, कारण निवृत्तीनंतर लगेच मिळणारी पदं, लवाद आणि आयोग यांचा धुरळा बसायला तेवढा वेळ लागतो. गवईंनी निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद घेणार नाही असं आधीच जाहीर केलं होतं, त्या वाक्याचं मला फार कौतुक वाटलं. तेही निकषांत धरावं. निवड समितीत वकील कमी असावेत. कायदा शिकवणारे, निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, एखादा जुना पक्षकार, विधी सेवा प्राधिकरणात वर्षानुवर्षं काम केलेलं कुणीतरी असावं. खर्च सभासदांच्या वर्गणीतून व्हावा, प्रायोजक नको. व्यासपीठावर मंत्री नको, आमदार नको. रक्कम नसली तरी चालेल, शाल नसली तरी चालेल.

मानपत्र मात्र हवं, आणि ते सकारण हवं. न्यायाधीशाला एका ओळीचा हुकूम लिहितानाही कारणं द्यावी लागतात, कारणांशिवायचा आदेश वर टिकत नाही हे तुम्हीच रोज सांगता. मग त्याच्या गौरवाला ती का नसावीत? मानपत्रात प्रकरण क्रमांक असावेत. त्यातले प्रसंग कुणालाही रोजनाम्यावरून ताडून बघता यावेत. भाषा मराठी असावी. समितीत एकमत झालं नाही तर भिन्नमतही सोबत छापावं. भिन्नमताच्या बळावर उभ्या राहिलेल्या व्यवसायात एवढं तरी व्हायला हवं.

सुरुवात कुणापासून करायची हा प्रश्न येईलच. जिवंत माणसांची निवड करायला समितीला वेळ लागेल. तोवर पहिलं मानपत्र १९७५ मध्ये मिसाचे अर्ज ऐकायला नकार न देणाऱ्या नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्तींना मरणोत्तर द्यावं, असं मी सुचवते. त्यांची नावं मुद्दामच इथे लिहीत नाही. तुमच्या वाचनालयात निर्णयसंग्रह आहेत, तिथे ती आहेत. बारमध्ये नुकत्याच आलेल्या दोन-तीन मुलामुलींना ते काम द्या. त्यांनी निकाल काढावा, पूर्ण वाचावा, अर्जदारांचे वकील कोण होते तेही बघावं आणि मानपत्राचा मसुदा त्यांनीच लिहावा. टाइप करायला मी येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त लघुलेखक
नागपूर